एकतोंडी बोट आणि रिव्हर्सकाकू

अंडी माझ्यामुळे फुटली हे खरं आहे. पण सगळी फुटली नाहीत. वरच्या थरांना काहीच झालं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या बेटावरच्या एकाही माणसाने आजवर माझ्या बाजूने मांडलेली नाही.

झालं असं की ताईकडे चार दिवस राहायला म्हणून मी गाडी घेऊन निघालो होतो. ताई लग्न होऊन गेली ती थेट बेटावर. तिच्या बेटात आणि आमच्या शहरात चांगला दणदणीत समुद्र आहे, आणि तो ओलांडायला एकच बोट. धक्क्यावर गाड्यांची रांग लागली होती. माझा नंबर आला तेव्हा एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई खिडकीशी येऊन उभी राहिली. अंगात सतरा खिशांचं जाकीट, पायात रबरी बूट. तिने हात पुढे केला.

"चावी द्या."

"कशाला?"

"गाडी बोटीत घालायला."

"मी घालतो ना."

"उलटी घालायची असते."

"मग उलटी घालतो."

मागच्या गाडीतल्या माणसाने डोकं बाहेर काढलं. "अहो, द्या ना चावी! सगळे देतात."

आता सगळे देतात म्हटल्यावर माझ्यासारख्याचं डोकं फिरायचं ते फिरतंच. "मला येते गाडी मागे घेता," मी म्हणालो. बाई बाजूला झाली. रागावली नाही, वाद घातला नाही. शेजारणीच्या गॅसवरचं दूध उतू जाणार हे दिसत असताना माणूस जसा उभा राहून बघतो, तशी बघत राहिली.

आरशात बोटीचं उघडं तोंड अगदी मधोमध दिसत होतं. मी मागे निघालो. लाटेबरोबर ते तोंड डावीकडे गेलं, म्हणून मीही डावीकडे गेलो. तोवर ते उजवीकडे निघून आलं होतं. मग धक्क्यावरच्या शेवाळावर चाक घसरलं, मी ब्रेक समजून जे दाबलं ते ब्रेक नव्हतं, आणि गाडी बोटीत गेली. म्हणजे गेली हे नक्की. बोटीच्या कोपऱ्यात अंड्यांचे ट्रे एकावर एक रचून ठेवले होते. अख्ख्या बेटाची आठवड्याची अंडी. तो आवाज मला शब्दांत सांगता येणार नाही; ओला होता एवढंच सांगतो.

बाई शांतपणे आल्या, खिडकीच्या काचेवरचा बलक बोटाने पुसला, आणि हात पुढे केला.

"चावी द्या."

दिली. मला खिशात रुमाल सापडेपर्यंत त्यांनी गाडी बाहेर काढून पुन्हा आत नेली, भिंतीला चिकटवली, आणि तिचे दोन्ही आरसे कान मुडपावेत तसे मुडपून टाकले. मागचा बंपर मात्र लोंबत होता.

बेटाच्या धक्क्यावर ताई उभी होती. बातमी बोटीच्या आधी पोचली होती. "लोक येताना काहीतरी घेऊन येतात," ती म्हणाली. "तू ऑमलेट घेऊन आलास."

त्या दिवसापासून बेटावर माझं नाव 'अंडेवाले पाहुणे' असं पडलं, आणि गाडी घालणाऱ्या बाईंचं नाव मला कळलं. रिव्हर्सकाकू. खरं नाव त्यांच्या नवऱ्यालाही चटकन आठवत नसावं.

आता बोटीत गाडी उलटी का घालायची, तर त्यासाठी बेटाचा इतिहास थोडा सांगावा लागतो. घाबरू नका, बेटच लहान आहे, इतिहास किती मोठा असणार! नकाशात बघितलं तर बेट पायातून निसटलेल्या चपलेसारखं दिसतं. टाचेकडे धक्का आणि बाजार, अंगठ्याकडे टेकडी आणि तिच्यावर बोटींना वाट दाखवणारा जुना दिवा. मधल्या भागात एके काळी आणखी एक टेकडी होती. ती आता नाही. कारण तिचा दगड फोडून, बोटीत भरून, समोरच्या शहरात नेला. शहरातल्या जुन्या मोठ्या इमारती दिसतात ना, कचेऱ्या, स्टेशन, त्या सगळ्या म्हणजे ती टेकडी. "शहरात गेले की मला माहेरी आल्यासारखं वाटतं," असं बेटावरच्या म्हाताऱ्या सांगतात, "सगळे आपलेच दगड!" टेकडीच्या जागी खड्डा राहिला, त्यात पाणी साचलं, आणि त्याला आता तलाव म्हणतात. बदकंही आली आहेत.

दगड संपले आणि दगड वाहणारी बोट राहिली. चपटी, चौकोनी, पेटीसारखी, आणि पेटीसारखंच तिला एकाच बाजूला तोंड. दगडांना काय, उलटे घातले काय आणि सुलटे काढले काय. पण त्याच बोटीतून गाड्या न्यायला लागल्यावर घोळ झाला. गाडी सरळ आत गेली तर पलीकडे उलटी बाहेर काढावी लागणार, आणि तीही चढावर, शेवाळावरून, हॉर्न वाजवणाऱ्या शहराच्या तोंडात. म्हणून ठरलं, आत जाताना उलटं, बाहेर पडताना सुलटं. पहिल्याच महिन्यात एका हौशी माणसाने आपली गाडी धक्क्यावरून थेट पाण्यात घातली. माणूस पोहून आला, गाडी नाही आली. त्यानंतर काकूंच्या वडिलांनी, ते बोटीवर होते, फर्मान काढलं: मालकाने उतरायचं, चावी द्यायची.

पुढे वडिलांची मान धरली. मागे वळून बघता येईना. तेव्हा अजून कोणाच्याच काकू न झालेल्या या मुलीला त्यांनी शेजारी बसवलं. ती मागे बघायची आणि सांगायची, ते चालवायचे. एक दिवस ते म्हणाले, "बघतेस तूच, बोलतेस तूच, मग मी इथे कशाला बसलोय?" आणि उतरले. तेव्हापासून बेटाच्या सगळ्या गाड्या काकूच मागे नेतात. डॉक्टरांची, पाण्याच्या टँकरची, कोंबड्यांच्या टेम्पोची. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलाची गाडी त्यांनीच बोटीत घातली. नवरामुलगा आत बसायचा हट्ट करत होता, त्याला उतरवलं. तोच नवरामुलगा पुढे बोटीचा कप्तान झाला. मोठा मऊ माणूस. एवढी मोठी बोट वळवतो, पण घरात खुर्ची सरकवताना विचारतो.

काकूंना आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. दोन गाड्यांमध्ये त्या एवढीच जागा ठेवत की माणूस श्वास सोडून गेला तर जाईल. "या भागात माझ्यासारखं कोणी मागे जात नाही," असं त्या चारचौघांत सांगत. कोणी म्हणालं, काकू, जरा गर्व होतोय, तर म्हणत, "होऊ दे. गाडीला ओरखडा तर होत नाही ना?"

माझा बंपर शहरातून यायचा होता. बेटावरचा मेकॅनिक मुळात सायकलींचा. तो रोज गाडीकडे बघून "येईल, येईल" म्हणायचा. चार दिवसांचे किती झाले ते ताईने बोलून दाखवलं नाही, फक्त एके सकाळी मला झाडू हातात दिला. त्याच दिवशी संध्याकाळी काकू ताईच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. दोघी शेजारणी. काकूंच्या तोंडावरून कळत होतं की काहीतरी बिनसलं आहे, कारण त्यांनी चहात साखर घातली आणि ढवळलीच नाही.

"नवी बोट येतेय," त्या म्हणाल्या.

"ऐकलं मी," ताई म्हणाली. "दोन तोंडांची आहे म्हणे."

"इकडून शिरा, तिकडून निघा. मागे जायचंच नाही कोणी."

ताईने काकूंचा चहा ढवळून दिला.

"मग बोटीचं ऑफिस काय म्हणतं?" मी विचारलं.

"म्हणतात, काकू, तुम्हाला तिकिटाच्या खिडकीत बसवू. मी म्हटलं, मला बसवू नका, चालवायला द्या. मिनीबसवाल्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, तो सोडतोय. ती बस मला द्या." त्यांनी कप बशीत ठेवला. "तर म्हणे, लायसन्स आणा."

"म्हणजे?" मी थक्क झालो. "तुमच्याकडे लायसन्स नाही?"

"बोटीवर कोण विचारतंय? तो काय रस्ता आहे?"

"पण चालवता येते ना..."

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की फुटलेलं प्रत्येक अंडं मला आठवलं. मग हळूच म्हणाल्या, "पुढे नाही येत."

एवढ्या वर्षांत ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. काकू गाडी आत नेत. बाहेर काढायला मालक येत. टेकडीवरचा दिवा, तलाव, बाजार हे सगळं त्यांनी आयुष्यभर पायी केलं होतं. ही बाई जन्मात कधी चार हातांपलीकडे पुढे गेलीच नव्हती.

"घरी बसले तर मी मरेन," काकू म्हणाल्या. हे त्यांनी आज हवा दमट आहे म्हणावं तसं सांगितलं. ते खरं आहे हे त्यामुळेच कळलं.

ताईने माझ्याकडे वळून बघितलं. मला ती नजर लहानपणापासून माहीत आहे. "तुझी गाडी तशीही मोडलेलीच आहे ना?" ती म्हणाली. "आणि तूही रिकामाच आहेस. शिकव."

अशा रीतीने बंपर दोरीने बांधून, काकूंचं शिकाऊ लायसन्स काढून आणि मागेपुढे लाल अक्षराची पाटी लावून आम्ही निघालो. निघालो म्हणजे काकू बसल्या, गाडी चालू केली, उजवा हात चाकावर ठेवला, डावा माझ्या सीटच्या पाठीवर टाकला, आणि मान गर्रकन मागे वळवली.

"काकू, पुढे."

"माहितेय."

"मान..."

"माहितेय म्हटलं ना! तिची ती वळते."

मान पुढे आणल्यावर गाडी चालेना. म्हणजे चालायची, पण शेजारून चालणारी माणसं आमच्या पुढे जाऊन, भाजी घेऊन, परत येताना पुन्हा भेटायची. मांजर दिसलं की ब्रेक. वळण दिसलं की ब्रेक. वळणापलीकडे समुद्र दिसला की ब्रेक आणि वर हँडब्रेक. बर्फाच्या कारखान्याशी तर त्यांनी गाडी पार बंदच केली. बघतो तर दोन्ही हात चाकाला चिकटून बसले होते. धक्क्यावर टँकर खेळण्यासारखा फिरवणारे हात.

तेवढ्यात समोरून पाण्याचा टँकर आला. गल्ली अरुंद, दोघांपैकी एकाला मागे जाणं भाग. काकूंच्या चेहऱ्यावर दिवा लागला. मान वळली, हात सीटवर आला, आणि पुढच्या क्षणी अख्खा बाजार उलटा माझ्या डोळ्यांसमोरून पळायला लागला. न्हावी, पिठाची गिरणी, औषधाचं दुकान. मी डॅशबोर्डला धरून होतो. काकू खिडकीतून शिंप्याशी बोलत होत्या.

"झाला का ब्लाउज?"

"उद्या देतो!"

"काल पण उद्याच म्हणाला होतास!"

गल्लीच्या तोंडाशी, दोन हातगाड्यांच्या मधल्या फटीत, गाडी सुरी म्यान करावी तशी जाऊन बसली.

"काकू," मी आवाज परत आल्यावर म्हणालो, "हे जमतं आणि ते जमत नाही?"

"मागे जाताना मला काय दिसतं? काचेतला एवढासा तुकडा," त्यांनी पंजाएवढी खूण केली. "तेवढा सांभाळला की झालं. पुढे बघितलं की सगळं एकदम दिसतं हो. एवढं सगळं कोण सांभाळणार?"

मी तर आयुष्यभर काहीच न बघता पुढे गेलो होतो.

परीक्षेला शहरातून लायसन्सवाले साहेब आले. त्यांची गाडी सकाळी काकूंनीच बोटीत घातली होती, त्यामुळे साहेब खुशीत होते. दुपारी परत आले तेव्हा खुशीत नव्हते. काकूंनी रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकाला जाऊ दिलं. न ओलांडणाऱ्यांनाही. गिरणीसमोर एक आजी पायरीवर बसलेल्या असतात, त्या ओलांडतील म्हणून काकू थांबून राहिल्या. त्या आजी तिथे बसायला लागल्या तेव्हा ताई बेटावर यायचीही होती. शेवटी साहेब उतरून चालत धक्क्यावर गेले आणि गाडीच्या आधी पोचले.

नापास. पुढच्या महिन्यात पुन्हा या.

काकूंनी लाल पाटी काढून माझ्या हातात दिली. "बंपर आला की जा तुम्ही घरी," म्हणाल्या, आणि रबरी बूट वाजवत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर नेहमीसारख्या चाव्या घेत होत्या, पण शेखी मिरवत नव्हत्या. ते बघवत नव्हतं. मेकॅनिकसुद्धा म्हणाला, "काकू मला आज काहीच टाकून बोलल्या नाहीत. आजारी आहेत का?"

मग आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, कप्तान ताईच्या दारात आले. मागे काकू, तोंड फुगवलेलं. कप्तानांनी मला गाडी काढायला सांगितली. मी काढली. काकूंना बसायला सांगितलं. त्या बसल्या, पण रस्त्याकडे न बघता. आणि मग हा माणूस, ज्याला मी तोवर दोन वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं, गाडीच्या समोर जाऊन, काकूंकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हात वर केले, आणि बोटांनी खुणावायला लागला.

"येऊ दे."

"अहो, हे काय?" काकू म्हणाल्या.

"माझ्याकडे बघ. बाकी काही बघू नको. येऊ दे... येऊ दे..."

आणि ते मागे चालायला लागले. एक पाऊल, दुसरं. काकूंनी क्लच सोडला. गाडी निघाली. नवरा उलटा चालतोय आणि बायको सुलटी येतेय, अशी ती वरात बाजारातून निघाली. मी शेजारी बसून होतो, पण मला कोणी विचारत नव्हतं. "येऊ दे, डावीकडे घे, आता सरळ, येऊ दे!" लोक दुकानांतून बाहेर आले. न्हावी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर साबण ठेवून आला.

"कप्तान, मागे पायरी आहे!" तो ओरडला.

कप्तान पायरीवर अडखळले, बसले, उठले, आणि पुन्हा हात वर केले. "काही नाही, काही नाही. येऊ दे."

"अहो, लागलं का?"

"रस्ता बघ तू!"

या सुरात ते बायकोशी पहिल्यांदाच बोलत असावेत. काकू इतक्या चकित झाल्या की ब्रेक मारायचा राहिला. बर्फाचा कारखाना मागे गेला. तलाव आला, बदकं बघून गेली. टेकडीचा चढ लागला तेव्हा कप्तानांना धाप लागली होती, शर्ट पाठीला चिकटला होता, पण हात खाली आले नाहीत. वळणाशी समुद्र दिसला. मी काकूंकडे बघितलं. त्या समुद्राकडे बघत नव्हत्या. त्या एका घामाघूम माणसाच्या दोन हातांकडे बघत होत्या. तोही तसा एवढासाच तुकडा होता.

वर दिव्याशी पोचल्यावर कप्तान कट्ट्यावर बसले आणि बराच वेळ नुसतेच श्वास घेत राहिले. काकू उतरून खाली बघत उभ्या राहिल्या. अख्खं बेट पायाखाली होतं, बाजार, धक्का, आणि धक्क्याला लागलेली ती एकतोंडी पेटी.

"एवढं आलो?" त्या म्हणाल्या.

"आता खाली कसं जायचं?" कप्तानांनी विचारलं. "मला नाही जमणार हो पुन्हा उलटं चालायला."

"बसा मागे," काकू म्हणाल्या, आणि आम्हाला टेकडीवरून रिव्हर्समध्ये खाली आणलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. माझे डोळे मिटलेले होते.

त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी हे चाललं. आधी कप्तान समोर, मग थोडे लांब, मग फक्त वळणांवर. परीक्षेच्या दिवशी त्यांची बोटीवर पाळी होती. साहेब शेजारी बसले, मी मागे. काकू निघाल्या. मांजर आलं, गेलं. आजी पायरीवर होत्या, राहिल्या. टेकडीच्या वळणावर साहेबांनी कान टवकारले.

"काय पुटपुटताय?"

"येऊ दे म्हणतेय."

"कोणाला?"

"मलाच, साहेब. समोर माझा माणूस आहे."

साहेबांनी समोर बघितलं. रस्ता मोकळा होता. खाली आल्यावर त्यांनी गाडी मागे घेऊन लावायला सांगितली, आणि त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ती लागलेली होती.

बंपर आला, मी घरी गेलो. पुढे नवी बोट सुरू झाल्याचं ताईने कळवलं. परवा पुन्हा बेटावर गेलो, गाडी न नेता. नवी बोट पांढरीशुभ्र, दोन्हीकडून उघडी. सगळे आपापल्या गाड्या सरळ आत घालत होते, वाटेल तशा वाकड्या लावत होते, आणि जुन्या बोटीत मावत होत्या त्याहून कमी गाड्यांत ही एवढी मोठी बोट भरून गेली. वर कप्तान कपाळाला हात लावून उभे होते.

बेटाच्या धक्क्यावर मिनीबस उभी होती. मी चढलो. आरशातून काकूंनी मला ओळखलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं, "पाहुणे, अंड्यांपासून लांब बसा हो!" खरंच, मागच्या सीटवर ट्रे होते. बस निघाली. मान सरळ, दोन्ही हात चाकावर. वेग काही फार नव्हता. पण थांबायचं तिथेच बस थांबत होती. आजींना काकूंनी पायरीपाशी हात केला. टेकडीच्या वळणावर समुद्र समोर आला तेव्हा त्यांचे ओठ हलताना मला आरशात दिसले.

ताईच्या गल्लीशी बस थांबली. उतरताना मला राहवलं नाही. पुढच्या दाराशी थांबून मी हळूच विचारलं, "काकू, पुढे जायची भीती गेली का आता?"

"नाही," काकू म्हणाल्या, "दार नीट ओढून घ्या."